प्रमाणपत्र हाती आले, पुढे काय?

दहावी-बारावीच्या निकालानंतर ‘पुढे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी चर्चिला जातो आणि सल्ला देण्यास आप्तेष्ट, शेजारी, शिक्षक अशी सर्व मंडळी तत्पर असतात. संगणक नेटवर्किंगची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणाच्या वाट्याला मात्र असा सल्ला फारसा येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना त्या परीक्षेचे नावही पुष्कळदा अपरिचित असते. आणि ज्यांना ते परिचित असते, त्यांच्यापैकी अनेकजण पुढच्या परीक्षेचे वर्ग चालवीत असतात. सल्ला कोठे संपतो आणि विक्री कोठे सुरू होते, हे मग कळेनासे होते.

बँकेच्या कर्जविभागात काम करताना असे तरुण-तरुणी आणि त्यांचे पालक मला भेटत असतात. त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातून माझे एक मत हळूहळू बनत गेले आहे. सीसीएनए ही नेटवर्किंगमधील प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यावर लगेच दुसऱ्या प्रमाणपत्राच्या मागे न लागता निदान दोन वर्षे चालत्या नेटवर्कवर काम करावे आणि पुढची दिशा त्या कामातूनच निवडावी, असे मला वाटते. या मताची कारणे सुजाण वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

परीक्षा काय सिद्ध करते?

सिस्को कंपनीने सीसीएनए ही परीक्षा 1998 मध्ये सुरू केली. ती देण्यासाठी पदवीची वा शाखेची कोणतीही अट नाही. त्यामुळे अभियंत्यांबरोबरच वाणिज्य आणि विज्ञान शाखेचे पदवीधरही तिच्याकडे वळतात. परीक्षेचा कालावधी दोन तासांचा असतो. अभ्यासक्रमात सर्वाधिक, म्हणजे 25 टक्के, भार एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कपर्यंत माहिती पोहोचविण्याच्या तंत्राला आहे. सुरक्षिततेला 15 टक्के, तर स्वयंचलन आणि प्रोग्रॅमिंगला 10 टक्के स्थान आहे. पाया म्हणून हा अभ्यासक्रम उत्तम आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि, 24 फेब्रुवारी 2020 रोजी झालेला एक बदल येथे ध्यानात घेतला पाहिजे. तोपर्यंत सीसीएनएच्या पातळीवरच सुरक्षा, वायरलेस, डेटा सेंटर अशा निरनिराळ्या शाखा होत्या आणि वरच्या सीसीएनपी परीक्षेसाठी खालचे प्रमाणपत्र आवश्यक असे. त्या दिवसापासून बहुतेक शाखा एकाच सीसीएनएमध्ये विलीन झाल्या आणि सीसीएनपीची पूर्वअटही काढून टाकण्यात आली. परिणामी, दिशा निवडण्याचा प्रश्न आता प्रमाणपत्र हाती आल्यानंतर उभा राहतो आणि पुढच्या परीक्षेचे दार मात्र पहिल्याच दिवसापासून सताड उघडे असते. उघडे दार दिसले की आत शिरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

ज्याला नावे-जमा कळते, त्याला 31 मार्चच्या रात्री न जुळणारी तेरीज जुळविता येईलच असे नाही, हा वाणिज्याच्या विद्यार्थ्याचा नित्याचा अनुभव. नेटवर्कचेही तसेच आहे. परीक्षेत प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारलेला असतो आणि पुष्कळदा उत्तराचे पर्यायही समोर असतात. शाखेतून येणाऱ्या दूरध्वनीवर मात्र “सिस्टीम चालत नाही” एवढेच ऐकू येते. दोष दूरसंचार कंपनीच्या तारेत आहे की राउटरमध्ये, दोन संगणकांना एकच पत्ता दिला गेला आहे की साफसफाई करताना कोणी केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचली आहेत, याचा क्रमाक्रमाने शोध घेणे ही वेगळी विद्या आहे. ती पुस्तकात वाचता येते. परंतु अंगी बाणते ती काऊंटरसमोर रांग वाढत असताना.

घसारा आणि ख्याती

सीसीएनए प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. परीक्षेचे शुल्क 300 अमेरिकी डॉलर, म्हणजे आजच्या दराने पंचवीस हजार रुपयांच्या वर, आणि त्यावर कर. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण केले नाही, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. लेखाशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही तीन वर्षे आयुष्य असलेली मालमत्ता आहे आणि तिच्यावर पहिल्या दिवसापासून घसारा सुरू होतो. यंत्र विकत घेऊन ते गोदामात झाकून ठेवले, तरी घसारा थांबत नाही. ते चालविले तरच त्यातून उत्पन्न निघते.

याउलट अनुभवाचे मूल्य. स्वतःच्या कामातून मिळविलेली ख्याती, म्हणजे गुडविल, ताळेबंदात दाखविता येत नाही. पण व्यवसाय विकत घेणारा तिची किंमत मोजतो. बंद पडलेली जोडणी शांतपणे सुरू करणारा माणूस म्हणून दोन वर्षांत मिळालेले नाव कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेले नसते, तरी पुढच्या मुलाखतीत तेच बोलते.

या हिशेबात एक व्यावहारिक सोयही दडलेली आहे. सीसीएनपीची एक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास सीसीएनएचेही आपोआप नूतनीकरण होते. म्हणजे दोन वर्षे काम करून तिसऱ्या वर्षी विचारपूर्वक निवडलेली एक परीक्षा दिली, तर एकाच खर्चात जुने प्रमाणपत्र टिकते आणि नवे पाऊलही पडते. घाईने सहा महिन्यांत दोन परीक्षा देणाऱ्याचे मात्र दोन्हींवरील घड्याळ जवळजवळ एकाच वेळी सुरू होते.

रात्रपाळीकडे नव्या दृष्टीने पाहावे

नवशिक्याला पहिली संधी बहुधा नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये मिळते. काम पाळ्यांचे, पगार बेताचा. “एवढी परीक्षा देऊन शेवटी रात्रपाळीच का?” असा पालकांचा सूर असतो. त्यांची काळजी मी समजू शकतो. तरी या रात्रपाळीचा अर्थ गेल्या काही वर्षांत बदलला आहे, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

आपल्या बँकव्यवहाराचेच उदाहरण घेऊ. आरटीजीएस सेवा 26 मार्च 2004 रोजी सुरू झाली, एनईएफटी 2005 च्या नोव्हेंबरमध्ये. अनेक वर्षे या सेवांना कामकाजाच्या वेळेची मर्यादा होती. 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी आणि 14 डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस अहोरात्र सुरू आहे. 2016 मध्ये आलेल्या यूपीआयला तर रात्र ठाऊकच नाही. मध्यरात्री रुग्णालयाचे बिल भरणाऱ्या ग्राहकासाठी तो क्षण भर दुपारइतकाच महत्त्वाचा असतो. शिवाय राउटर बदलणे, जोडणी नव्या मार्गावर नेणे यांसारखी जोखमीची कामे वर्दळ कमी असताना, म्हणजे रात्रीच केली जातात. जो तेथे उपस्थित असतो, त्यालाच ती पाहायला आणि पुढे करायला मिळतात. रात्रपाळी ही या व्यवसायातील उमेदवारी आहे. प्रकृतीची काळजी घेऊन आणि मुदत मनाशी ठरवून ती करावी. जन्मभर करावी असे कोणीच म्हणणार नाही.

दिशा कोणत्या?

दोन वर्षांच्या कामानंतर स्वतःला एक प्रश्न विचारावा: कोणते काम करताना घड्याळाकडे लक्ष गेले नाही? त्याच्या उत्तरातून चार मार्ग दिसू लागतात.

गुंतागुंतीची जोडणी उलगडण्यात ज्याचे मन रमते, त्याने नेटवर्किंगमध्येच खोल जावे. सीसीएनपी आणि त्यापुढे 1993 पासून सुरू असलेली, आठ तासांच्या प्रात्यक्षिक परीक्षेची सीसीआयई, हा तो मार्ग.

ज्याला संशयास्पद हालचालीचा माग काढणे आवडते, त्याने सुरक्षेकडे वळावे. रिझर्व्ह बँकेने 2 जून 2016 च्या परिपत्रकाद्वारे बँकांना सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल 2022 मध्ये सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळविण्याचे आणि यंत्रणेतील नोंदी 180 दिवस जतन करण्याचे बंधन घातले. या नियमांमागे अशा नोंदी वाचू शकणारी माणसे उभी असावी लागतात.

एकच आज्ञा शंभर स्विचवर हाताने देण्याचा ज्याला कंटाळा येतो, त्याने पायथॉन शिकावे आणि स्वयंचलन व क्लाऊड यांचा मार्ग धरावा. असा कंटाळा या क्षेत्रात गुणच मानला जातो.

चौथा मार्ग वाणिज्याच्या पदवीधरांनी विशेष विचारात घ्यावा, तो म्हणजे माहिती-प्रणालींचे लेखापरीक्षण. सीसा हे प्रमाणपत्र त्यासाठी जगभर ओळखले जाते. परीक्षा आधी देता येत असली, तरी प्रमाणपत्रासाठी साधारणतः पाच वर्षांचा अनुभव लागतो. हिशेब आणि नेटवर्क या दोन्ही भाषा जाणणारी माणसे थोडी आहेत.

येथेच एक सावधगिरीची सूचना करणे मला अगत्याचे वाटते. आयबीपीएसच्या भरतीत सरकारी बँकांतील माहिती तंत्रज्ञान अधिकारी पदासाठी संबंधित शाखेतील अभियांत्रिकी पदवी, पदव्युत्तर पदवी किंवा पदवीसह ‘डोएक बी लेव्हल’ अशी शैक्षणिक पात्रता मागितली जाते. सीसीएनए तिला पर्याय ठरत नाही. ज्याचे ध्येय बँकेतील ही नोकरी आहे, त्याने पुढचे प्रमाणपत्र घेण्याआधी ही अट आपण पूर्ण करतो का, ते पाहावे.

आक्षेप आणि उत्तर

माझ्या मतावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की नोकरीच मिळत नसेल तर काम कोठून करावे? हा आक्षेप रास्त आहे. परंतु अनुभव नसलेल्या उमेदवाराकडे दोन प्रमाणपत्रे असली, तरी मुलाखत घेणाऱ्याची मूळ शंका कायमच राहते. त्यापेक्षा इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या स्थानिक व्यावसायिकाकडे किंवा एखाद्या कार्यालयाच्या देखभालीत लहान काम पत्करणे श्रेयस्कर. जोडीला सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सरावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे.

दुसरा आक्षेप, दोन वर्षांत बरोबरीचे पुढे जातील. काहीजण जातीलही. आधीच काही वर्षे या क्षेत्रात काम करून नंतर सीसीएनए झालेल्यांनी थांबण्याची गरजही नाही. त्यांची दोन वर्षे भरून झालेली आहेत. इतरांनी मात्र लक्षात ठेवावे, की पाठांतराच्या प्रश्नपेढ्यांवर मिळविलेली आघाडी पहिल्या बिघाडापर्यंतच टिकते.

राहिला पैशाचा प्रश्न. कर्ज देणे हे माझे काम आहे, तरीही सांगतो: पहिल्या प्रमाणपत्राने पहिला पगार मिळवून देण्याआधी दुसऱ्यासाठी कर्ज काढू नये. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ देणाऱ्या वर्गांकडून ती हमी, आणि ती पाळली न गेल्यास शुल्कपरतीची अट, लेखी मागावी. पगार सुरू झाल्यावर दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकली, तर तिसऱ्या वर्षीच्या परीक्षेचे शुल्क स्वतःच्या कमाईतून उभे राहते. त्या वेळी कोणती परीक्षा द्यायची, हे सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज पडणार नाही. दोन वर्षांच्या कामाने ते ठरविलेले असेल.