विटेतली हिंसा कुणाच्या खात्यावर?



आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तापूर्वी जेवतो, सामायिकात तोंडापुढे मुहपत्ती धरतो. उघड्या तोंडानं बोललं तरी वायुकायाच्या जीवांना इजा होते, हे लहानपणापासून शिकतो. मग दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या माळांवर धुमसणाऱ्या वीटभट्ट्यांबद्दल आपण गप्प का?

श्रावकानं टाळायच्या पंधरा कर्मादानांत पहिलं अंगारकर्म. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात, म्हणजे बाराव्या शतकातच, वीट भाजणं त्यात धरलं आहे. "आपण कुठं भट्टी लावतो?" असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्ही मोजतात. बंगल्यासाठी, उपाश्रयासाठी ट्रकभर विटा मागवणं याला करवणं नाही तर काय म्हणायचं?

या धुरातले 2.5 मायक्रॉनहून बारीक कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसांच्या तळाशी उतरतात. आधी कुणाच्या? भट्टीलगत खोपटात राहणाऱ्या कातकरी बाईच्या आणि तिच्या तान्ह्याच्या.

"भट्ट्या बंद झाल्या तर ती माणसं खातील काय?" अहो, बंद करा कोण म्हणतंय? केंद्र सरकारनं 22 फेब्रुवारी 2022 ला नियम काढला: जुन्या भट्ट्या कमी धुराच्या झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टच्या पद्धतीवर, नाहीतर पाइपच्या गॅसवर न्या. प्रदूषित ठरलेल्या शहरांपासून 10 किलोमीटरच्या आत एक वर्षात, इतरत्र दोन वर्षांत. म्हणजे सगळ्यांची मुदत 2024 मध्येच संपली. काम राहू द्या, धूर कमी करा, एवढंच मागणं आहे.

2019 चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमही शहरांपुरताच. त्याच्या यादीत बदलापूर, उल्हासनगर आहेत. शेजारचे मुरबाड, शहापूर नाहीत. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला चालतं, मग त्या गावांच्या हवेची काळजी का नको? वाऱ्याला नगरपालिकेची हद्द कळते का?

म्हणून प्रत्येक संघानं ठराव करावा: बांधकामाला वीट घेऊ ती नियम पाळणाऱ्या भट्टीचीच. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावं, की आमच्या तालुक्यातल्या किती भट्ट्या बदलल्या? जीवदयेचा फंड पांजरपोळाला जातो, जाऊ दे. पण श्वास घेणारं तान्हं मूलही जीवच आहे.