नावेचे नाव

माझे नाव माझ्या आजोबांचे. ते गेल्यावर दोन वर्षांनी मी जन्मलो. बारशाला दुसऱ्या नावाचा विचारही झाला नाही. मौज अशी, की आजीने मला त्या नावाने कधी हाक मारली नाही. नवऱ्याचे नाव घ्यायचे कसे? ती मला 'बाबू' म्हणे. आजोबा कसे होते, कशावर चिडत, हे मी तिला कधी विचारले नाही. आता विचारायला ती नाही. नाव तेवढे मजजवळ आहे.

समुद्रापासून इतक्या दूरच्या वर्ध्याच्या मुलाने युद्धनौकांवर लिहावे, याचे कुणाला हसू येईल. पण आमच्या वर्धा नदीचे पाणी प्राणहितेवाटे गोदावरीलाच मिळते, आणि 'गोदावरी' हे नाव तीन युद्धनौकांनी मिरवले आहे. १९४३ ची पहिली 'गोदावरी' फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली व तेथे 'सिंध' झाली. नाव इथेच राहिले. १९५३ मध्ये ते ब्रिटनकडून घेतलेल्या विनाशिकेला मिळाले आणि १९८३ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या फ्रिगेटला. ती २०१५ साली निवृत्त झाली.

ही रीत आपल्या बारशासारखीच आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण नाव पुढे चालवले की ऋण फिटले, असे आपण समजू लागलो तर?

'विक्रांत'चेच पाहा. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले केले. १९९७ साली ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिचे पोलाद पुढे बजाजच्या एका मोटारसायकलीत वापरले गेले. जमनालालजींच्या वर्ध्यातही ती गाडी धावताना मी पाहिली आहे! २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली, तेव्हा आम्ही सारे हरखून गेलो. जुनीची आठवण किती जणांना झाली? कुणी म्हणेल, गंजका सांगाडा सांभाळायला पैसा लागतो. खरेच लागतो. नाव मात्र फुकट मिळते. माझी शंका आहे ती इथेच.

'खुकरी'ची गोष्ट वेगळी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने तिला बुडवले. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. जिच्यासह एवढी माणसे बुडाली तिचे नाव पुन्हा कुणा जहाजाला द्यावे, हे प्रथम मला अशुभ वाटले. आमच्याकडे अकाली गेलेल्याचे नाव ठेवताना चारदा विचार करतात. नौदलाने मात्र १९८९ मध्ये नव्या जहाजाला ते दिले. बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर, डिसेंबर २०२१ मध्ये, तेही निवृत्त झाले. पण ते भंगारात गेले नाही. पहिली 'खुकरी' जिथे बुडाली त्या दीवलाच ते स्मारक म्हणून देण्यात आले.

आमच्या महाविद्यालयाची सहल बहुधा अजिंठा-वेरूळला जाते. एकदा ती दीवला काढावी, अशी प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे. वर्गणी पहिली माझी.