पाठ फिरविणारें घड्याळ

लाखों रुपयांच्या मनगटी घड्याळाची गोष्ट निघाली कीं आपल्या घरांत पहिला प्रश्न किंमतीचा होतो, आणि तो रास्तच आहे. दुसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो: यांत गरजेपोटीं आलेलें काय आणि नुसतें मिरविण्याचें काय? या कसोटीस उतरणारें एक स्विस घड्याळ हिंदुस्थानच्या मैदानावर सुचलें, म्हणून त्याची ही हकीकत.

१९३० च्या सुमारास सेझार द त्रे हे घड्याळांचे व्यापारी इकडे आले असतां पोलोचा सामना पाहावयास गेले. खेळ संपल्यावर एका इंग्रज अधिकाऱ्यानें घड्याळाची फुटलेली कांच त्यांच्यापुढें धरली, असें सांगतात. द त्रे यांनीं हें कोडें झाक-दाविद लकूल्त्र या कारखानदारांकडे नेलें. उत्तर शोधलें रेने-आल्फ्रेद शोव्हो या अभियंत्यानें. ४ मार्च १९३१ रोजीं पॅरिस येथें पेटंटाचा अर्ज झाला. नांव ठेविलें ‘रिव्हर्सो’, म्हणजे लॅटिनमध्यें ‘मी उलटतों’.

युक्ति अशी. चौकोनी पेटी खालच्या पाटावर बसते. ती बाजूस सरकवावी, उलटी करावी व पुन्हा जागीं लोटावी; तबकडी मनगटाकडे जाते आणि वर राहते ती धातूची पाठ. येथील उद्यमनगरांत लेथवर काम करणाऱ्यास यांतील मेख तत्काळ उमगेल. खोबण सैल राहिली तर पेटी खडखडणार, घट्ट झाली तर अडणार. आणि वर्षानुवर्षें घासूनहि हा मेळ टिकावयास हवा. कुड्यांची फिरकी बसविणारा गुजरींतील कारागीरहि हीच चिंता वाहतो.

आंतील यंत्राची तत्त्वें नेहमींचींच. गुंडाळलेली कमान शक्ति देते, दातेरी चाकें ती पोंचवितात, तोलचक्र तिचे समान भाग पाडतें. या घड्याळांत पुढें वापरलेल्या ८२२ क्रमांकाच्या यंत्रांत सेकंदास सहा ठोके, म्हणजे तासास २१,६००, पडतात. आंस झिजूं नयेत म्हणून माणकें असतात. माणकें म्हणतांच कोणी सराफाकडे धांवूं नये. तीं कृत्रिम असून त्यांचें मोल फारच थोडें.

पुढें सहजीं न फुटणाऱ्या कांचा निघाल्या आणि उलटविण्याचें कारणच सरलें. १९६९ सालीं जपानचें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आलें. अचूकपणांत कमानीचें घड्याळ त्याच्यापुढें आजहि टिकत नाहीं. तरी १९७२ च्या सुमारास इटलींतील जॉर्जो कोर्व्हो या व्यापाऱ्यानें पडून राहिलेल्या सुमारें २०० रिकाम्या पेट्या उचलल्या, त्यांत यंत्रें बसविलीं, आणि त्या हातोहात खपल्या. १९९४ सालीं पाठीवर दुसरी तबकडी आली; एकाच यंत्रावर दोन देशांच्या वेळा. मुलगा परदेशीं असलेल्या घरास ही सोय पटेल. नुसत्या हिऱ्यांनीं मढविलेली पेटी मला तरी पटत नाहीं.

कोऱ्या पाठीवर नांवें, तारखा व मीनाकामाचीं चित्रें कोरून घेण्याची चाल पडली. आजोबांचें एखादें जुनें घड्याळ, मग तें कोणत्याहि कारखान्याचें असो, कपाटांत पडलें असेल तर ओढूनताणून किल्ली देऊं नये. वाळलेल्या तेलावर चाकें झिजतात. जाणत्या घड्याळजीकडून तें उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावें, आणि पाठीवर अक्षरें असल्यास पॉलिश करूं नको असें त्यास आधींच बजावावें.