शुद्ध आहे तोवरची सही

आमच्या रेणापूर भागात या आजाराला आजवर एकच नाव होते : म्हातारचळ. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसायचे आणि म्हातारीला ओसरीवर बसवायचे, एवढाच त्यावरचा उपचार. आता लातूरचे डॉक्टर त्याला अल्झायमर म्हणतात. आजाराला नाव मिळाले. त्याचा खर्च कोणी आणि कशातून करायचा, हा प्रश्न मात्र अजून बेवारस आहे.

हे दुखणे शहरी सुखवस्तूंचे, ही समजूत आधी सोडली पाहिजे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील शंभरांत सातांहून अधिक माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळाले. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. हा आजार तर घरात भोगायचा असतो. रात्री दोन वाजता कडी काढून निघालेल्या आईला परत आणणे, घास भरवणे, लुगडे बदलणे, हे कोणत्याही योजनेच्या बिलात बसत नाही. ते सुनेच्या खात्यावर पडते आणि त्या खात्याचे पासबुक कोणी भरत नाही. वृद्धाश्रम म्हणावा, तर अनेक ठिकाणी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात.

मग पगारी माणूस ठेवायला पैसा कुठून आणायचा? बँकेत उमेद गेल्यामुळे मला दिसते ते असे : पैसा पुष्कळदा असतो, पण आईच्या नावावर असतो. ठेव तिची, सातबारा तिचा. सही न करता येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा साक्षीदारांसमोर घेता येतो. पण ती सोय हात लुळा पडला असेल तेव्हाची, शुद्ध हरपली असेल तेव्हाची नव्हे. मुखत्यारपत्र करून मुलगा निर्धास्त असतो. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार लिहून देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की मुखत्यारपत्रही संपते. नामनिर्देशन कामी येते ते मृत्यूनंतर. उरतो तो उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग. त्यासाठी रेणापूरच्या शेतकऱ्याने संभाजीनगरच्या खंडपीठाची पायरी चढायची.

नियम आडमुठे आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. आईचा अंगठा धरून रान लिहून घ्यायला निघालेले सुपुत्रही मी काउंटरपलीकडून पाहिले आहेत. त्या अंगठ्याचे रक्षण झालेच पाहिजे. पण रक्षण असे नको, की जिची ठेव तिच्याच औषधाला ती मिळू नये.

म्हणून निदान झाल्या महिन्यात, शुद्ध आहे तोवर, आईसमोर बसावे आणि तिलाच विचारावे. आमच्या आईला आम्ही विचारले. ‘‘घर सोडणार नाही. पण माझी ठेव मोडा, पोरीला फुकट राबवू नका,’’ असे ती म्हणाली. पोर म्हणजे माझी बायको. खाते संयुक्त करणे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी नोंद करणे, सेवा करणाऱ्याला काय द्यायचे ते भावाबहिणींच्या देखत ठरवणे, ही अर्ध्या दिवसाची कामे. सगळे भाऊ हजर असले की अंगठ्याची लबाडीही अवघड होते.

बाकीचे काम सरकारचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबाबतची इच्छा आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. मालमत्तेबाबत, शुद्ध गेल्यावरही टिकेल असे मुखत्यारपत्र कायद्याने द्यावे आणि त्यावर तहसील पातळीवर देखरेख ठेवावी. तालुक्याच्या रुग्णालयात अशा रुग्णांना दिवसभर सांभाळणारी एक खोली असावी. घरातल्या बाईला आठवड्यातून दोन दिवस मोकळा श्वास मिळाला, तर म्हातारीचेही हाल कमी होतील. मातृभक्तीवर भाषणे करणाऱ्या समाजाला एवढा खर्च जड नसावा.