दाढ काढावी की राखावी?

रात्री दाढ ठणकू लागते, लवंगेचे तेल हरते, आणि उजाडताच पांढुर्ण्या-सौंसरच्या घरांत प्रश्न उभा राहतो : सरकारी दवाखाना की खाजगी?

सरकारी दवाखान्यात खर्च नाममात्र. पण रांग मोठी नि दंतवैद्य थोडे. दाढ वाचवायची तर मूळनलिका स्वच्छ करून भरावी लागते, त्यास निवांत वेळ हवा. दाढ उपटणे मात्र काही मिनिटांचे काम. म्हणून गरिबाची दाढ बहुधा निघते आणि ऐपतदाराची राहते. निघालेल्या दाढेच्या जागी शेजारचे दात कलतात, वरचा दात खाली उतरतो, हे आपणांस कोण सांगतो? खाजगी दवाखान्यात काम दोन-तीन खेपांत होते, पण टोपणासह खर्च हजारांत जातो. त्यांना तरी बोल किती लावावा? खुर्चीपासून औषधापर्यंत सारे त्यांच्याच पदरचे असते. आयुष्मान योजना २०१८ साली आली खरी. तथापि ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी, आणि दाढ भरून घेणारा तर तासाभरात घरी परततो!

मधला मार्ग म्हणजे सरकारी दंत महाविद्यालय. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. पैसे कमी, खेपा अधिक. आपल्या राज्याचे असे महाविद्यालय १९६१ पासून दूर इंदुरात आहे. १९६८ साली निघालेले नागपूरचे हाकेच्या अंतरावर, पण परराज्यात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती, हे आज मुलांना सांगावे लागते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसरही त्यातच आले. जिल्ह्याच्या ठिकाणी दाढ राखण्याची सोय व्हावी, ही मागणी अवाजवी नव्हे.

तोवर भगिनींनी एवढे ध्यानी घ्यावे : कीड वरच्या कवचात असते तोवर दुखत नाही. तेव्हाच दाखविल्यास साधे भरण पुरते.

खर्ऱ्याची गोष्ट निराळी. घरात कुणी खर्रा खात असेल, तर त्यास तोंड उघडून स्वतःची तीन बोटे एकावर एक, उभी आत घालावयास सांगावे. ती मावत नसतील, किंवा तोंडातील पांढरा चट्टा वा व्रण पंधरा दिवसांत जात नसेल, तर सरकारी की खाजगी हा विचार करीत बसू नये. जे दार जवळ असेल तेथे त्याच आठवड्यात जावे.