मान लेखकाला, धन कोणाला?

प्रत्येक धंद्याच्या मिळकतीला मराठीने वेगळे नाव दिले आहे. मजुराला मजुरी मिळते, नोकरदाराला पगार, वकिलाला फी, भटजींना दक्षिणा, शाहिराला बिदागी आणि दलालाला दलाली. लेखकाच्या वाट्याला आलेला शब्द या सर्वांत भारदस्त आहे: मानधन. परंतु अनुभव असा की, या समासाचे पहिले पद तेवढे लेखकाच्या हाती पडते आणि दुसरे वाटेत कुठेतरी अडकते. सभेत शाल आणि श्रीफळ मिळते. शाल थंडीत उपयोगी पडते हे कबूल, पण एक नारळ किती दिवस पुरणार?

लेखकाने बिनपैशांनी लिहावे काय, असे विचारले की आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे मिळतात. पहिले असे की, सरस्वतीच्या दरबारात लक्ष्मीचे नाव काढू नये. दुसरे याच्या अगदी उलट: पैसा नाही तर ओळ नाही. इंग्रजीच्या तासाला ज्यांची ओळख होते ते डॉ. जॉन्सन या दुसऱ्या पक्षाचे. पैशाखेरीज दुसऱ्या कशासाठी लिहिणारा मनुष्य मूर्खच, असे त्यांचे मत होते. त्यांनी स्वतः १७५९ साली ‘रासेलास’ ही कथा आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी आठवडाभराच्या संध्याकाळांत लिहून काढली. ज्याच्यावर अशी वेळ आली त्याला तसे म्हणण्याचा अधिकार आहे. तरीही मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

पहिल्या पक्षाचे लोक लगेच संतांकडे बोट दाखवतात. तुकोबांना मानधन कोणी दिले होते, असे विचारतात. प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोष्ट विसरली जाते. देहूला तुकोबांच्या घरी वाण्याचे दुकान होते. दुष्काळात त्याचे दिवाळे निघाले, घरची माणसे दगावली, हे सर्व आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यांनी अभंग विकले नाहीत हे खरे; परंतु ते छापून, त्यांच्या शेजारी साबणाची जाहिरात लावून, दुसरा कोणी पैसे मिळवत होता असेही नाही. शिवाय आपल्या परंपरेत संत आहेत तसे शाहीरही आहेत. होनाजी बाळाला दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता. शाहिराने बिदागी घेतली म्हणून त्याची लावणी हिणकस ठरली नाही. मग एका परंपरेचा दाखला द्यायचा आणि दुसरीकडे काणाडोळा करायचा, हे कशासाठी?

माझे मत थोडक्यात सांगते. घरचे कार्य असेल तर कंबर बांधून वाढायला उभे राहावे. खानावळीत मात्र फुकट वाढू नये. घरच्या लग्नात आपण पहाटेपासून राबतो, त्याची मजुरी मागत नाही. आचाऱ्याचे आणि मांडववाल्याचे पैसे द्यावेच लागतात, पण यजमान त्या कार्यातून काही कमवत नसतो. उलट सर्वांची पंगत उठल्यावर तो शेवटी जेवायला बसतो. खानावळीचा मालक मात्र प्रत्येक ताटाचे पैसे मोजून घेतो. त्याने वाढणाऱ्याला “अन्नदानाचे पुण्य लागेल” असे सांगितले, तर आपण त्याला काय म्हणू?

या कसोटीने पाहिले तर मराठीतले कितीतरी मोलाचे लेखन बिनपैशांचेच आहे, आणि ते योग्यच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि ती जवळजवळ एकहाती लिहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले. हाताशी पुरेसे लेखक नाहीत, गाठीशी पैसा नाही, अशा स्थितीत संपादकाला रकानेच्या रकाने स्वतःच भरावे लागत. तिथे यजमानच उपाशी होता. १९६० नंतरच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ यांसारखी लघुअनियतकालिके निघाली. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालवले आणि दलित लेखकांच्या एका पिढीला हक्काचे पान दिले. प्रस्थापित मासिकांची दारे ज्यांना उघडत नव्हती त्यांनी आपले घर आपण बांधले. अशा घरात गवंड्याने रोजंदारी मागायची नसते, कारण घर त्याचेही असते.

आता दुसरी बाजू. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून दिवाळी अंक हे मराठी माणसाचे वेगळेपण ठरले. आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. त्यांतले काही लेखकाला सन्मानाने मोबदला देतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण बाकीच्यांचा हिशेब मांडून पाहा. कागदवाला उधार देत नाही. छापखाना आगाऊ रक्कम घेतो. जाहिराती आणणाऱ्याला टक्केवारी मिळते, विक्रेत्याला कमिशन मिळते, टेंपोवाला भाडे घेतल्याखेरीज गठ्ठे उतरवत नाही. या सर्वांचे देणे भागले की मग लेखकाची आठवण होते, आणि तोपर्यंत गल्ला रिकामा झालेला असतो. ज्याच्या मजकुरासाठी अंक घ्यायचा, त्याचेच नाव खर्चाच्या यादीत नसते.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या शहरातल्या एका अंकाने माझी कथा छापली. अंकात सोनाराच्या, बियाण्यांच्या आणि गृहकर्जाच्या रंगीत जाहिराती होत्या. मानधन राहो, अंकाची प्रतही आली नाही. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “नाव छापलंय ना तुमचं? आणखी काय हवं?” शेवटी स्टॅंडवरच्या स्टॉलवरून मी माझीच कथा विकत घेतली. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाले, “शाळेच्या गॅदरिंगला पोरांचे कपडे मी फुकट शिवतो. पण बॅंडवाल्यांचे नाही शिवत. ते वाजवायचे पैसे घेतात.” या लेखात मी जे लांबवून सांगते आहे ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितले.

“नाव होईल” हे आमिष आता नव्या माध्यमांतही आले आहे. संकेतस्थळांना रोज मजकूर लागतो. तरुण मुलांकडून तो मागताना हजारो वाचकांचे आकडे दाखवले जातात, जाहिरातीच्या उत्पन्नाचा आकडा मात्र कोणी दाखवत नाही. पूर्वी मनीऑर्डरला वेळ लागतो, धनादेश वाटेत हरवतो, अशी कारणे तरी होती. आज दहा रुपयांच्या चहाचे पैसे मोबाइलवरून क्षणात चुकते होतात. लेखकाचेच तेवढे महिनोन्‌महिने “प्रक्रियेत” असतात.

कोणी म्हणेल, एवढ्याशा रकमेसाठी एवढा आटापिटा कशाला? आटापिटा रकमेसाठी नाही. लेखन फुकटच करायचे असा रिवाज पडला, तर लिहिणार कोण हे आपोआप ठरते. ज्याच्या घरी पगार येतो तो रात्री निवांत लिहू शकतो. जी मुलगी कॉलेज सुटल्यावर दुकानात बसते, जो मुलगा सुटीत ऊसतोडीला जातो, त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण फुकट देण्यासारखा वेळ नसतो. त्यांचे अनुभव मग त्यांच्याबरोबरच राहतात, आणि आपण साहित्यात जीवनाचे प्रतिबिंब शोधत बसतो.

अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तीसहून अधिक कादंबऱ्या, कितीतरी कथा, पोवाडे आणि वगनाट्ये. १९५९ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘फकिरा’ महाराष्ट्र विसरलेला नाही; त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपटही निघाले. एवढा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला आणि १९६९ साली हलाखीतच गेला. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. गौरव झाला याचा आनंदच आहे. पण मान उशिरा दिल्याने धन न दिल्याची भरपाई होते, असे मला वाटत नाही.

फुकट लिहायचे ठरवले तरी एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थी-लेखकाने पक्की लक्षात ठेवावी. फुकट छापायला दिले म्हणजे मालकी दिली असे होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेले नसेल तर लेखनाचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो. त्याचा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हे हक्क टिकतात आणि वारसांकडे जातात. म्हणून अंकासाठी दिलेली कथा उद्या कोणी परस्पर पुस्तकात घातली, तर “तेव्हा फुकट दिली होती ना” हे उत्तर चालणार नाही. आपण सातबाऱ्यावरच्या गुंठ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडतो. आपल्या शब्दांचा उतारा मात्र कोणाच्या नावावर आहे ते पाहत नाही.

छोट्या नियतकालिकांच्या संपादकांची अडचण मला समजते. त्यांतले अनेकजण पदरमोड करतात. त्यांनी एवढेच करावे: पैसे देता येणार नाहीत हे मजकूर मागतानाच सांगावे, प्रत न मागता पाठवावी, आणि वर्षाचा जमाखर्च छापावा. हिशेब उघडा असला की घरचे कार्य कोणते आणि खानावळ कोणती हे लेखकाला आपोआप कळते. मग त्याने हो म्हणावे किंवा नाही म्हणावे; पण नाही म्हणणाऱ्याला कोणी लोभी म्हणू नये.

आता आपल्या या वार्षिकांकाविषयी. हा लेखही मी बिनपैशांनीच लिहिला आहे, आणि आनंदाने लिहिला आहे. अंक विक्रीला नाही, संपादक सर आणि विद्यार्थी मंडळ विनावेतन राबतात, वाचणारे आपलेच आहेत. हे घरचे कार्य आहे. तरीही छपाईचा खर्च आपल्या सर्वांच्या शुल्कातून होतो आणि मलपृष्ठावर गावातल्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती असतात. म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. अंकाचा जमाखर्च शेवटच्या पानावर छापावा. आणि जाहिरातींतून काही शिल्लक राहिली, तर ती विद्यार्थी-लेखकांत आणि चित्रे काढणाऱ्यांत वाटावी. वाट्याला पन्नास रुपये आले तरी चालतील. ऑफिसच्या खिडकीवर उभे राहून, लेखनाबद्दल मिळालेल्या रकमेच्या पावतीवर सही करण्याची सवय आम्हांला इथेच लागली, तर उद्या बाहेरच्या जगात मानधनाचा शब्द काढताना आमची जीभ अडखळणार नाही.

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)