नव्या घरात आधी काय आणाल?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका मुलीचा मंगल परिणय झाला. मुलगा कारखान्यात कामाला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून आंदण दिले. दिवाण, सोफा, ड्रेसिंग टेबल, लोखंडी आलमारी. दिवाण जिन्याच्या वळणावर अडकला, पाय कापून वर न्यावा लागला. सोफा वर गेलाच नाही, तो आजही वडिलांच्या ओसरीत आहे. आणि पहिल्या संध्याकाळी घरात भाकरीचा तवा नव्हता की पाणी भरायला गुंड नव्हता! मुलीच्या धाकट्या भावाची पॉलिटेक्निकची फी मात्र कर्जाच्या हप्त्यात गेली.

आपण हुंडा घेत नाही असे अभिमानाने सांगतो. मग आंदणाच्या नावाने बापाला कर्जात का घालतो? जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आज्यांना सांगितले होते की लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ताकद येईपर्यंत मुलांवर लादू नका.

तेव्हा आधी पाणी, चूल आणि अंथरूण. दोन झाकणाचे गुंड, दोन बकेटी, एक माठ. एक कुकर, तवा, लोखंडी कढई, दोन-तीन गंज, सहा ताटे-वाट्या. इतवारीत भांडी वजनावर मिळतात, घाई न करता दोन दुकाने फिरा. आहेरात पाच भिंतीवरची घड्याळे येतात, त्यापेक्षा आत्याला "कुकर द्या", मामीला "गंज द्या" असे आधीच सांगावे. त्यात लाज कसली? कुकर आणि शेगडी आयएसआय छापाचीच घ्या. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली उभा ठेवा, आणि रबरी नळीवरची तारीख बघा. झोपायला कापसाच्या दोन गाद्या पुरेत. पलंग पुढच्या वर्षी.

नागपुरात कूलरला मात्र चैन म्हणू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि तिसऱ्या मजल्याचा स्लॅब रात्रभर तापलेला असतो. पण कूलर घेण्याआधी खिडकी मोजा, बाहेर स्टँड बसतो का ते पाहा. घराला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्या, तीन पिनांचाच प्लग लावा. पाणी भरताना बटन बंद करून प्लग काढायचा, मग हात लावायचा. ओल्या हाताने कूलरला हात लावून दर उन्हाळ्यात माणसे जातात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास त्याच साचलेल्या पाण्यात होतो.

फ्रीज आणि टीव्हीचे काय? दुकानदार म्हणतो, बिनव्याजी हप्ता. मग त्याला विचारा, रोखीने घेतले तर किती सूट? फाईलचे किती? एक हप्ता चुकला तर दंड किती? ही बेरीज केली की व्याज कुठे लपले ते दिसते. एका वेळी एकच हप्ता चालू ठेवावा, पहिला फिटल्याशिवाय दुसरा नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग कामधंद्याला, चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून. आपल्या पगारात असे भाग जमत नाहीत, हे खरे. पण चौथ्या भागातले शंभर रुपये तरी आधी बाजूला काढून मग दुकानात जा.

त्या मुलीने परवा ड्रेसिंग टेबल विकले. आलेल्या पैशात एक साधे टेबल, खुर्ची आणि भिंतीला फळी केली. फळीवर बाबासाहेबांचा फोटो, दीक्षाभूमीवरून आणलेली चार पुस्तके. रात्री कामावरून आल्यावर ती टेबलाशी बसते, बी.ए.चे शेवटचे वर्ष बाकी आहे तिचे.